घरकुलाच्या भिंतीत कच्ची वीट कशासाठी?

घरकुल मंजूर झाले की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. ट्रॅक्टरमधून विटा उतरतात तेव्हा मात्र कोणी वीट हातात घेऊन बघत नाही. मीही बघितली नव्हती. माझ्या चुलत्यांच्या घरकुलाच्या विटा मीच उतरवून घेतल्या. फिकट पिवळसर, नख मारले तर रेघ उठणाऱ्या. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला लोणा लागला, गिलाव्याचे पोपडे पडले. ठेकेदार म्हणाला, ‘भिंत तुम्ही नीट राखली नाही!’

बांधवांनो, आपल्याकडच्या उघड्या भट्टीत सगळ्या विटा सारख्या भाजत नाहीत. आगीलगतच्या जळून काळ्या, वेड्यावाकड्या होतात, तो खंगर. कडेच्या आणि वरच्या थराला आच पुरत नाही. त्या विटा कच्च्या राहतात. म्हणजे हलकी वीट भट्टीत निघणारच, आणि तिचा उपयोगही आहे. खंगर फोडून पायाच्या काँक्रीटमध्ये, रस्त्याच्या भरावात घालतात. तुकडे शहरातल्या गच्चीच्या कोब्यात जातात. कच्ची वीट दळून सुरखी होते. सिमेंट येण्यापूर्वीची कितीतरी बांधकामे चुना आणि सुरखीवरच उभी राहिली. कोरड्या जागेतली आडभिंत, तात्पुरती शेड, इथेही कच्ची वीट चालते. छताचा भार पेलणाऱ्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीत ती चालत नाही. भट्टीमालकाला हे ठाऊक असते, ठेकेदारालाही. मग बंगल्याला पक्की आणि बौद्धवाड्यातल्या घरकुलाला कच्ची, ही वाटणी कोण करतो? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात तर नियमाने ठेकेदाराला जागाच नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे.

भाजलेल्या साध्या विटेसाठी भारतीय मानक १०७७ आहे. त्यातल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या विटेनेही चौरस सेंटिमीटरला सरासरी ३५ किलोच्या आसपास दाब सोसला पाहिजे, आणि २४ तास बुडवून ठेवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिता कामा नये. दाब तपासायला प्रयोगशाळा लागते. पाण्यासाठी किराणा दुकानातला तराजू पुरतो. कोरडी वीट ३ किलो भरली तर भिजल्यावर ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जायला नको. एकच वीट घेऊ नका, ढिगाच्या चार-पाच ठिकाणच्या घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटा; पक्की खणखणते, कच्ची बद्द वाजते.

खरे तर ही पारख आपल्याच माणसांच्या हातात आहे. भट्टीवर उचल घेऊन राबणारे बहुतेक दलित-आदिवासीच. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा, तरी उचल फिटत नाही. आवाजावरून विटेची प्रत सांगणारी बाई मात्र भट्टीशेजारी नुसत्या रचलेल्या विटांच्या खोपटात हंगाम काढते. तिला विचारा.

हप्त्यासाठी फोटो काढणारा येतो तेव्हा भिंत उभी झालेली असते, आणि गिलावा चढला की सगळ्या विटा सारख्याच. जे काही बोलायचे ते ट्रॅक्टर दारात उभा असतानाच. चुलत्यांनी यंदा पश्चिमेची भिंत पाडून पुन्हा बांधली. विटा उतरायच्या आधी त्यांनी शेजारच्या दुकानातून तराजू मागून आणला होता.