कोयता चालला फडावर, दहावीतलं लेकरू कुणाच्या भरवशावर?

दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत मुकादमांची धावपळ सुरू होते. दारात ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, पाल, शेळ्या, कोंबड्या वर चढतात आणि दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव रिकामं होतं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी सोलापूर-पुण्याच्या कारखान्यांवर, कुणी थेट कर्नाटकात. परत यायला मार्च उजाडतो, कधी एप्रिल. तोवर घराला कुलूप, नाहीतर घरात एक म्हातारी आणि नववी-दहावीतलं पोर.

लहान लेकरांचा विचार थोडाफार तरी झालेला आहे. त्यांच्यासाठी शाळेमार्फत हंगामी वसतिगृहं चालतात. पण ही सोय मुख्यतः आठवीपर्यंतची. बऱ्याच ठिकाणी लेकरं तिथं दोन वेळ जेवतात आणि झोपायला नातेवाइकांकडं जातात. नववीत पाय ठेवला की पोर तिथूनही बाहेर पडतं. 2021 साली राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. वसतिगृह जवळ असेल तर जूनमध्येच चौकशी करून अर्ज टाकावा. दिवाळीच्या तोंडावर धावून काही होत नाही.

मी कृषी खात्यातला माणूस. शाळा हा माझा विषय नाही. पण रब्बीच्या पाहणीला वस्तीवर गेलं की हरभऱ्यातली घाटेअळी दाखवायला पंधरा वर्षांचं पोर पुढं येतं. फवारणी कुणी केली विचारलं की म्हणतं, "म्याच केली साहेब." तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, आणि औषधाची बाटली घरात तेलाच्या डब्याशेजारी. त्या घरात त्याला 'हे करू नको' म्हणणारं कुणी नसतं. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, चुलता स्वतःच फडावर.

म्हणून जाण्याआधी शेताची सोय वेगळी आणि पोराची वेगळी करा. रब्बी पेरली असेल तर ती भावकीत किंवा शेजाऱ्याला बटईनं लावून द्या. वाटा गेला तरी चालेल. हरभऱ्याची काढणी आणि दहावीची परीक्षा दोन्ही फेब्रुवारी-मार्चातच येतात, आणि पोर घरी एकटं असलं की हरभराच जिंकतो. लाल त्रिकोणाची औषधं घरात ठेवूच नका. जिथं शेतीची वीज अजून रात्रीच्या पाळीची आहे, तिथं मोटर चालू करायला पोराला विहिरीवर धाडू नका. मोटरसायकलची किल्लीही मागे ठेवू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उचलीचे पैसे त्यात घालवायचे का, हे ज्याचं त्यानं बघावं.

आता माणसाचं. 'गाव आहे की, बघंल कुणीतरी' ही सोय नव्हे. एक घर ठरवा आणि त्या घरातल्या बाईशी बोला, कारण पोर जेवलं का, रात्री घरी आलं का हे तिलाच कळतं. धान्य फुकट मागू नका, ज्वारी-गहू त्यांच्या घरी टाकून जा. पैसे पोराच्या हातात एकदम देऊ नका. किराणा दुकानात खातं लावा आणि वरखर्चाला आठवड्याला थोडे धाडा. रेशनचं यंत्र म्हातारीचे झिजलेले ठसे पुष्कळदा ओळखत नाही, म्हणून कार्डावर पोराचं नाव, आधार जोडणी आणि ई-केवायसी आधीच बघून घ्या. मुख्याध्यापकांना लेखी कळवा की पोर अमक्याच्या घरी आहे, सलग दोन दिवस शाळेत आलं नाही तर या नंबरवर फोन करा. आपला नंबर फडावर लागतोच असं नाही, तेव्हा मुकादमाचाही द्या.

पोरींची गोष्ट याहून कठीण आहे. "वयात आलेली पोर मागं ठिवायची कुठं?" असा प्रश्न आईबाप विचारतात आणि हंगामाआधीच लग्न उरकतात. त्यात व्यवहारही असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल मिळते. म्हणजे पंधराव्या वर्षी पोरगी सासरी नाही, फडात जाते. अठराच्या आत लग्न हा 2006 च्या कायद्यानं गुन्हा आहे. राज्याच्या नियमांप्रमाणे गावात तो रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, त्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. 1098 वर कुणीही फोन करू शकतो. पण मांडवात जाऊन लग्न मोडण्यापेक्षा ऑक्टोबरमध्येच आठवी ते दहावीच्या पोरींची यादी करून कोण कुठं राहणार हे ग्रामपंचायतीनं विचारलं, तर निम्मी लग्नं ठरणारच नाहीत असं माझं मत आहे. शाळा, अंगणवाडी आणि आशाताई यांच्याकडं नावं असतातच. एका घरात तीन-चार पोरी आणि एखादी जाणती विधवा किंवा मावशी, असं राहणं जमू शकतं. तिच्या मानधनाचं काय करायचं ते ग्रामसभेत बोलावं.

परीक्षेच्या दिवसांत आई तरी घरी असावी. हंगामात मध्येच सुट्टी मागितली की खाडा धरतात आणि पैसे कापतात. म्हणून ही बोली उचल घेतानाच मुकादमाशी करावी, आणि उचलीच्या आकड्याखाली त्याच कागदावर लिहून घ्यावी.