दूरच्या सोबत्यांची वही

इ. स. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ ही संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला. इंटरनेटवरून देशोदेशींचे लोक त्या कार्यास येऊन मिळाले. त्यांतील कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते! मग कोणी काय बदलले, हे कळावे कसे? आधीचे साधन विनामूल्य मिळेनासे झाले, तेव्हा २००५ साली टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ हे साधन थोड्याच दिवसांत निर्माण केले. ही जणू सामाईक वहीच. तीत प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचे नाव, वेळ व त्याने दिलेले कारण नोंदले जाते. वहीची संपूर्ण प्रत प्रत्येकाजवळ असते. त्यामुळे एखादा संगणक बिघडला, तरी सर्वांचे श्रम बुडत नाहीत. दोघांनी एकच ओळ निरनिराळ्या रीतीने बदलली, तर मात्र गिट थांबते, दोन्ही मजकूर समोर ठेवते आणि निवड माणसावर सोपवते.