हाड वर येत नाही, खांदा खाली उतरतो

दुचाकीवरून घसरलेला किंवा कबड्डीच्या पकडीत खांद्यावर आपटलेला माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा बहुधा चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचं कोपर खालून उचलून धरलेलं असतं. कुठे दुखतं असं विचारलं, की तो एका बोटाने खांद्याच्या माथ्यावरची नेमकी जागा दाखवतो. तिथे कॉलरबोनचं बाहेरचं टोक फऱ्याच्या हाडाला मिळतं. डॉक्टर त्याला एसी सांधा म्हणतात. त्या जागी उंचवटा आलेला असतो. बोटाने दाबला तर हार्मोनियमच्या पट्टीसारखा खाली जातो, सोडला की पुन्हा वर. ‘हाड वर आलंय, बसवून द्या,’ असं घरचे म्हणतात. दिसतं ते खरंच तसं, पण घडलेलं असतं उलट. फऱ्याला आणि त्याच्यासोबत अख्ख्या हाताला कॉलरबोनखाली टांगून ठेवणारे दोन भक्कम अस्थिबंध असतात. ते तुटले की हाताच्या वजनाने खांदा खाली उतरतो, आणि कॉलरबोन जवळपास जागच्या जागीच राहतं. रुग्ण कोपर का उचलून धरतो, ते यावरून कळतं. आपला उतरलेला खांदा तो नकळत जागेवर नेत असतो.

हे एकदा लक्षात आलं की उपचाराकडे बघण्याची नजर बदलते. वर आलेलं टोक पट्ट्यांनी करकचून खाली दाबण्याचे प्रयोग पूर्वी झाले. कातडी सोलवटायची, आणि पट्टा सुटला की टोक पुन्हा वर. गळ्यातली साधी झोळी मात्र कोपराला आधार देते, म्हणून तिच्यात बरं वाटतं. ती एक ते तीन आठवडे पुरते. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे, त्या कुशीवर झोपायचं नाही, दुखणं ओसरलं की फऱ्याभोवतीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करायचे. जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद, अंगाला अंग भिडणारे खेळ त्याहून उशिरा.

दोन्ही खांद्यांचे एक्स-रे शेजारी ठेवले की दुखापतीची पायरी ठरते. अस्थिशल्यविशारद रॉकवूड यांनी 1984 मध्ये केलेले सहा प्रकार आजही वापरात आहेत. पहिल्या दोन प्रकारांत शस्त्रक्रिया लागत नाही, याबद्दल फारसा वाद नाही. खरा वाद तिसऱ्याचा. तिथे अस्थिबंध पूर्ण तुटलेले असतात, आणि फोटो बघून कुणालाही वाटेल की हे जोडलंच पाहिजे. कॅनडात 83 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2015) काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं हूक प्लेटच्या, म्हणजे कॉलरबोन जागेवर धरणारी धातूची पट्टी बसवण्याच्या, शस्त्रक्रियेच्या गटात घातलं, काहींना झोळी-व्यायामाच्या. शस्त्रक्रियेच्या गटाचे एक्स-रे अधिक सरळ आले. पण पहिल्या काही महिन्यांत हात चांगला चालला तो झोळीवाल्यांचा, आणि दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. शिवाय हूक प्लेट पुढे काढावी लागते, म्हणजे भूल आणि टाके पुन्हा एकदा.

यावर आक्षेप येतो तो डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचा, गवंड्यांचा, गोलंदाजांचा: त्यांनी थांबायचं कशाच्या भरवशावर? प्रश्न रास्त आहे, कारण चाचणीतली सरासरी म्हणजे तो एक माणूस नव्हे. पण थांबल्याने दार बंद होत नाही. तीन-चार महिने नेटाने व्यायाम करूनही हात वर नेताना थकवा किंवा कळ राहिली, तर तेव्हाही अस्थिबंध नव्याने बांधता येतात. ताज्या दुखापतीपेक्षा ते काम अवघड, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवं. टोक स्नायूत मागे घुसलं असेल, किंवा उतरलेलं अंतर फारच मोठं असेल, तर मात्र शल्यविशारदाचं मत लगेच घ्यावं. आणि दुखणं खांद्यावर नसून कॉलरबोनच्या आतल्या टोकाशी, छातीच्या हाडाजवळ असेल, सोबत गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर झोळीत वेळ न घालवता थेट मोठं रुग्णालय गाठावं. तिथे मागे सरकलेलं हाड श्वासनलिकेवर आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आणू शकतं.