चहाच्या कपाशेजारी स्केचबुक

रविवारी सकाळी एखाद्या इराणी हॉटेलात पाच-सहा जण वह्या उघडून, मान वर-खाली करत चित्रे काढताना दिसले, तर नवल वाटून घेऊ नका. सिअ‍ॅटलचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कँपानारिओ यांनी २००७ साली सुरू केलेली ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ आता मुंबई-पुण्यातही रुजली आहे. नियम साधा: फोटोवरून नव्हे, जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहून चित्र काढायचे.

पण हॉटेलातच का? तिथे ऊन-पाऊस लागत नाही, टेबल मिळते आणि ब्रून-मस्का चहात बुडवून खाणारे गिऱ्हाईक बराच वेळ हलत नाही. म्हणजे फुकटचे मॉडेलच! नवशिक्यांनी आधी समोरची कपबशी काढावी, मग खुर्ची, मग माणसे. मात्र मालकाची परवानगी घ्यावी, खाणे मागवावे आणि गर्दीच्या वेळी टेबल अडवू नये.

शेवटी सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या जातात. बिस्किटांची एकच बरणी सहा जणांनी सहा तऱ्हांनी पाहिलेली असते. इथे मार्क नाहीत, नंबर नाहीत. शाळेत ‘तुला चित्रकला जमणार नाही’ असे ऐकलेल्यांना हा केवढा दिलासा!

मेट्रो सिनेमासमोरचे १९०४ सालचे कयानी टिकून आहे. पण मुंबईतली कितीतरी इराणी हॉटेले बंद पडली. त्यांची संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या गेल्या. ज्यांनी त्या तासभर निरखून रेखाटल्या, त्यांच्या वहीत मात्र त्या आजही आहेत.