द्रौपदीची थाळी आणि वाण्याची यादी

आषाढीचा गोपाळकाला झाला, दिंड्या आपापल्या गावी परतल्या, चंद्रभागेचे वाळवंट मोकळे झाले, आणि आमच्या पंढरीतील घराघरांतून डबे उघडून पाहण्याचे कार्य सुरू झाले. ज्या घरी दशमीपासून पौर्णिमेपर्यंत दहा-वीस वारकरी उतरतात, त्या घरच्या गृहिणीस तांदळाच्या डब्याचा तळ आषाढ वद्यातच दिसू लागतो. पुढे तर श्रावण उभा असतो. सोमवार, मंगळागौर, नागपंचमी, जिवतीचे शुक्रवार, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा. आणि हे सारे आटोपते न आटोपते तोच गणपती दारात. व्रतांची गर्दी आणि वाण्याच्या यादीची लांबी एकाच महिन्यात वाढते. या पानावर वाचकांची अपेक्षा व्रतकथेची असेल हे आम्ही जाणतो. तथापि आज आम्ही यादीविषयीच लिहिणार आहो.

गृहकृत्याचा जमाखर्च हा विषय आमच्या पूर्वसूरींनी क्षुद्र मानलेला नाही. वात्स्यायनांच्या कामसूत्रात (नावाने कोणी दचकू नये) भार्येच्या आचरणाचे एक संपूर्ण अधिकरण आहे. वर्षाचे उत्पन्न मोजून त्याच्या बेताने खर्च करावा, जेवणातून उरलेल्या दुधाचे तूप करावे, भाताची पेज, कोंडा, कण्या, इतकेच काय, चुलीतले विझलेले कोळसेही वाया जाऊ देऊ नयेत, असे तेथे सविस्तर सांगितले आहे. मनूनेही धनाचा संग्रह आणि व्यय स्त्रीकडे सोपवावा असे म्हटले, आणि खर्चात तिचा हात मोकळा नसावा अशी पुस्तीही जोडली. वनपर्वात सत्यभामेशी बोलताना द्रौपदी सांगते की, पांडवांच्या साऱ्या राज्याचा आय आणि व्यय एकट्या तिला ठाऊक होता. हे प्रसंग आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात रंगवीत आलो. श्रोत्यांतल्या सुवासिनी माना डोलावीत, आणि आम्हांस वाटे, आपण गृहस्थाश्रमाचे मर्म सांगितले.

मर्म आम्हांला कळले ते २०२० साली.

त्या वर्षी मार्चमध्ये मंदिरे बंद झाली. आषाढीला पालख्यांच्या पादुका मोटारीतून पंढरीस आल्या. वारी अशी झालीच नाही. कीर्तनकाराचे वर्ष चातुर्मासावर चालते. चार महिन्यांत जी बिदागी मिळते तीवर उरलेले आठ महिने ढकलायचे असतात. त्या चातुर्मासात आमची झांज खुंटीवरून खाली उतरली नाही. चिरंजीवांचे दुकानही बंद होते. घरात माणसे पाच, आणि वाणसामानाचा महिन्याचा खर्च सात हजार. आम्ही पाटावर बसून, चष्मा पुसून, यादीवर लेखणी चालविली आणि आकडा चार हजार दोनशेवर आणला. मंडळींना म्हटले, "एवढ्यात भागले पाहिजे." त्या म्हणाल्या, "भागवू की."

आणि भागले! आम्ही थक्क होऊन पाहात होतो. आमच्याकडे रोज अर्धपाव तुरीची डाळ शिजे, म्हणजे महिन्याला पावणेचार किलो. आठवड्यातले तीन दिवस वरणाला सुट्टी मिळाली. एक दिवस ताकाची कढी, एक दिवस पिठले, एक दिवस मटकीची उसळ. मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की वाटीभराची अडीच वाट्या होते आणि पाच माणसांना पुरते. एवढ्याने डाळ सव्वादोन किलोवर आली. दोडक्याची भाजी केली की त्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. दुधीच्या सालींचेही तेच. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. आठवड्याची साय विरजून, घुसळून, कढवून वाटीभर तूप निघे. ताक कढीला, आणि तूप गाळल्यावर उरलेली बेरी साखर घालून नातवाच्या हातावर. वात्स्यायनांनी पाहिले असते तर एक सूत्र अधिक लिहिले असते.

सणही सुटले नाहीत. नागपंचमीला चिरणे, तळणे, तव्यावर भाजणे वर्ज्य, म्हणून पुरणाचे दिंड उकडले. तेलाचा थेंब लागला नाही. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजविताना पाणी जरा सढळ घातले, निथळलेला कट बाजूला ठेवला, त्यात चमचाभर पुरण, चिंच, गोडा मसाला आणि खोबऱ्याचे वाटण पडले, आणि दोन दिवसांची आमटी झाली. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, हे ज्याने खाल्ले त्यास सांगावयास नको. ऋषिपंचमीची भाजी तर काटकसरीचा मेरुमणी. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही असा त्या दिवशीचा नेम. म्हणून परसातले अळू, अंबाडी, भोपळा, पडवळ हेच अन्न.

उपवासाविषयी मात्र आम्हांस थोडे अपराधी वाटते. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण ज्याने केली, त्याने आमचेच घर पाहिले असावे. पाच माणसांच्या खिचडीला अर्धा किलो साबुदाणा, पाव किलो दाणे, बटाटे, वर तूप. श्रावणातले चार सोमवार आणि दोन एकादश्या धरल्या तर दीड किलो दाणे केवळ पुण्यसंपादनार्थ खर्ची पडतात. त्यातही गंमत अशी की, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, हे सारे दक्षिण अमेरिकेकडून समुद्र ओलांडून येथे आलेले. धर्मशास्त्रकारांनी यांतले काहीही चाखले नव्हते. मंडळींनी त्या श्रावणात वरीचे तांदूळ शिजविले. वाटीभर वरी शिजून पातेले भरते, आणि सोबतीला दाण्याची आमटी केली तर दोन मुठी दाणे पुरतात. खिचडी महिन्यातून दोनदा. आम्ही तोंड वाकडे केले, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असल्याने आणखी एक खर्च वाचला. कांद्याचा भाव बहुधा दसरा-दिवाळीच्या सुमारासच चढतो, हा योग आमच्या वाडवडिलांना कळला होता की काय न कळे.

असो. दिवाळीच्या पाडव्याला मंदिरे उघडली. आम्ही आमच्या अर्थशास्त्रावर इतके प्रसन्न झालो होतो की पहिल्याच कीर्तनाचा पूर्वरंग मितव्ययावर लावावा असे ठरविले. आख्यान अर्थातच थाळीचे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. सूर्याने वनवासी धर्मराजास पात्र दिले. द्रौपदी जेवेपर्यंत त्यातून हवे तितक्यांस अन्न मिळे. ती जेवली की त्या दिवसापुरते पात्र रिते. ती जेवून थाळी घासून ठेवल्यावर दुर्वास दहा हजार शिष्यांसह आले, कृष्णाने थाळीला चिकटलेले भाजीचे पान शोधून काढले, ते भक्षिले, आणि ऋषी तृप्त झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीत हे दुर्वासाख्यान मूळ संहितेत नाही, हे आम्ही विद्वानांच्या सभेत सांगतो. कीर्तनात सांगत नाही. श्रोत्यांना पान हवे असते.

आदल्या सायंकाळी आम्ही घोकत बसलो होतो. आतून सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आईंना घेरी आली."

डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठच्याही खाली होते. त्यांनी विचारले, "बाई, दिवसभरात काय काय खाता?" मंडळी काही बोलल्या नाहीत. सूनबाईंनी सांगितले. सकाळी चहा. दुपारी सर्वांचे झाल्यावर उरेल तो भात आणि आमटीचे पाणी. भाजी संपलेली असे, उसळ तर संपेच. रात्री अर्धी पोळी, तीही उरली तर. नातवाला दूध पुरावे म्हणून मार्चपासून त्यांनी चहाही कोरा केला होता.

आमची सात महिन्यांची काटकसर कोठून निघाली होती, ते त्या दवाखान्याच्या बाकावर आमच्या ध्यानात आले. दोडक्याच्या शिरांतून आणि कटाच्या आमटीतून थोडी निघाली हे खरे. परंतु हिशेब जुळवायला जो शेवटचा आकडा लागतो, तो त्या माउलीने आपल्या पानातून काढून दिला होता. आम्ही यादीवरून लेखणी फिरवून शांत झोपलो. ज्या द्रौपदीच्या जमाखर्चाचे आम्ही कौतुक गात होतो, तीच त्या संवादात हेही सांगते की पती जेवल्यावाचून ती जेवत नसे. हे वाक्य आम्ही कीर्तनात टाळ्यांसाठी वापरले आहे, एकदा नव्हे, शेकडो वेळा. आणि थाळीची अट! सर्वांचे अन्न द्रौपदीच्या उपाशी राहण्याला बांधलेले आहे, हे एवढी वर्षे आमच्या डोळ्यांसमोर असून दिसले नाही. आम्हांला नेहमी पानच दिसले.

त्या दिवशीचे कीर्तन आम्ही केले नाही. निरोप पाठविला, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाच ताटे मांडली.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. पंगत एकच, आणि उसळ वाटीने मोजून आधी पाचही ताटांत पडते. मग ज्याला वाढून हवी त्याने घ्यावी. लोखंडी कढई माळ्यावरून उतरली. खर्च वाढला, पण वाटला होता तितका नव्हे. महिना पाच हजारांच्या आत राहिला, कारण पाचांना मोजून केलेल्या अन्नात उरणारे आणि नासणारे फारसे नसते. २०२३ साली, अधिक श्रावणात, टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा शेजारच्या घरांत हाहाकार उडाला. आमच्या आमटीत आमसूल आणि चिंच पडत राहिली, जशी टोमॅटो या देशात येण्यापूर्वी पडत होती. भावाप्रमाणे आकडा आता साडेआठ हजारांवर गेला आहे; ताटे मात्र पाचाची पाच.

यंदा दिंडी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सूनबाई वही घेऊन बसल्या. तांदूळ, वरी, हरभऱ्याची डाळ, गूळ, मटकी. आम्ही हळूच साबुदाणा म्हणालो. "दोनदाच हं, बाबा," असे म्हणून त्यांनी एक किलो लिहिला. मंडळी ओट्यापाशी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, वही ओढून घेतली, आणि चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच स्वतःसाठी एक ओळ तळाशी लिहिली : खजूर, अर्धा किलो.