‘सेल कुठला घ्यावा?’ हा पहिला प्रश्न नव्हे

मागच्या व्याख्यानात आपण साध्य आणि साधन यांचा विचार केला. त्यानंतर नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या आल्या. बहुतेक कर्मयोगावर होत्या, त्यांच्याकडे पुढे कधीतरी वळू. एक चिठ्ठी मात्र वेगळी होती. दोन तरुण लिहितात, ‘सर, आम्हाला चार्ज होणाऱ्या सेलवर चालणारं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घरी बनवायचं आहे. आमचं हे पहिलंच यंत्र. नियोजन कसं करावं? आणि सेल कुठला घ्यावा?’ आयोजकांनी ती चिठ्ठी जरा संकोचानंच माझ्या हाती दिली. तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तराला हे काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असावं. मला प्रश्न आवडला. नियोजन म्हणजे काय, हे हातात मावणाऱ्या वस्तूवरून जितकं कळतं, तितकं पंचवार्षिक योजनांवरून कळत नाही.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्यानुसार ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. उत्पादन या शब्दात नुसती जुळणी करणंही येतं, आणि पूर्ण वस्तूच नव्हे तर तिचा भागसुद्धा येतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. गंमत अशी की, ओढण्याला या कायद्यात शिक्षा नाही, बनवण्याला आहे. तेव्हा पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत बसून हे यंत्र करायचं असेल, तर उत्तर ‘करू नका’ एवढंच आहे.

मग पुढे बोलायचं कशाला? एक तर हे व्याख्यान ऐकणारे बरेच जण इंग्लंड-अमेरिकेत आहेत. तिथे ही वस्तू दुकानात मिळते आणि हौशी माणसं ती घरीही करतात. आणि दुसरं म्हणजे चिठ्ठीतला सेलचा प्रश्न व्हेपपुरता नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॉवर बँक बनवणारी मुलं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना हेच सगळं लागू आहे.

यंत्राची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या गृहस्थांनी १९६३ मध्ये धूर नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये ते मिळवलं. वस्तू बाजारात काही आली नाही. चीनमधल्या होन लिक या औषधशास्त्रज्ञानं २००३ च्या सुमारास जे केलं, ते मात्र जगभर पसरलं. मधल्या चाळीस वर्षांत काय बदललं, असं विचाराल तर मी सेलकडे बोट दाखवीन. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि बोटाएवढ्या नळकांड्यात भरपूर ऊर्जा मावू लागली. या सेलच्या जनकांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं २०१९ मध्ये, आपला अध्यादेश निघाल्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी. असो.

आत काय असतं ते समईवरून समजेल. समईत वात तेल वर ओढते. इथेही कापसाची वात असते, ती द्रव ओढून घेते, आणि ज्योतीच्या जागी तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. न्यायशास्त्राचे विद्यार्थी इथे हसतील. धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवताना, वाफेला धूर समजण्याची चूक हे आपलं ठरलेलं उदाहरण. हे यंत्र म्हणजे ती चूक बाजारात विकायला ठेवल्यासारखंच आहे!

आता नियोजन. ॲरिस्टॉटलनं विचारविनिमयाचं विवेचन करताना एक फार उपयोगी गोष्ट सांगितली आहे. माणूस साध्यापासून सुरुवात करतो आणि मागे मागे जातो. हे कशानं होईल, तेही कशानं होईल, असं करत आपल्या हातातल्या पहिल्या कृतीपाशी पोहोचतो. विचारात जे सर्वांत शेवटी येतं, ते करताना सर्वांत आधी येतं. सेल विकत घेणं ही पहिली कृती आहे, म्हणूनच तो विचारातला शेवटचा प्रश्न आहे. आपली तरुण मंडळी उलटं करतात. बाजारात जातात, मिळेल तो सेल आणतात आणि मग त्याच्याभोवती यंत्र रचतात.

मागून येऊ या. वाफ हवी, म्हणजे तार किती तापायला हवी? त्यावरून वॅट ठरतात. वॅटवरून तारेचा रोध किती ओहम हे ठरतं. त्यावरून किती अँपिअर वाहणार ते ठरतं. एवढे अँपिअर जो सेल न तापता देऊ शकेल, तो आपला सेल. गणित शाळेतलंच आहे, व्होल्टला ओहमनं भागायचं. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. वेटोळं १.५ ओहमचं असेल तर २.८ अँपिअर वाहतील, सुमारे १२ वॅट. ०.५ ओहमचं असेल तर ८.४ अँपिअर, ३५ वॅट. ०.२ ओहमचं असेल तर २१ अँपिअर, म्हणजे ८८ वॅट! भार पडल्यावर दाब थोडा उतरतो हे खरं, पण आडाखा बांधताना पूर्ण ४.२ च धरायचे. आता सेलकडे पाहा. सर्वांत जास्त आढळणारा सेल १८६५० या नावाचा, व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. त्यातले जास्त साठवण करणारे बरेचसे सेल सलग १० अँपिअरच्या आसपासच देऊ शकतात. २० ते २५ देणारे सेल वेगळे, त्यांची साठवण कमी. म्हणजे ०.५ ओहमला चालणारा सेल ०.२ ओहमला चालत नाही, आणि बाहेरून दोन्ही सेल जुळ्या भावांसारखे दिसतात. वेष्टणावर छापलेल्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. चांगल्या कंपनीच्या १८६५० ची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास असते. ९९०० लिहिलेला स्वस्त सेल दिसला, की विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण खरी मेख इथेच आहे. तार आपण गुंडाळणार, तिचा रोध ०.२ ओहम आहे हे कळणार कसं? मुलं म्हणतील, ‘सर, मल्टीमीटर आहे की!’ आहे ना. तुमच्या साध्या मल्टीमीटरची दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवून बघा. बऱ्याचदा तो ०.२ किंवा ०.३ दाखवतो. तो त्याच्या स्वतःच्या वायरींचा आणि सांध्यांचा रोध असतो. म्हणजे जे मोजायचं आहे तेवढीच मोजणाऱ्याची चूक. न्यायदर्शनात प्रमेयाआधी प्रमाणाची चर्चा का येते, असं विद्यार्थी मला दरवर्षी विचारायचे. त्याचं उत्तर या मल्टीमीटरमध्ये आहे. ज्ञानाचं साधन त्या कामाचं आहे की नाही, हे तपासल्याशिवाय ‘मला माहीत आहे’ म्हणता येत नाही. मीटर ०.३ दाखवतोय, त्यातले ०.२ वायरींचे असतील, तर तार उरली ०.१ ओहमची. तिच्यातून ४२ अँपिअर वाहू पाहतील. या मापाचा कुठलाही सेल ते निमूटपणे देणार नाही.

दुकानातल्या चांगल्या यंत्रात एक छोटा सर्किट बोर्ड असतो. तो रोध मोजतो, मर्यादा ओलांडली तर वीज तोडतो. घरगुती यंत्राचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे धातूची नळी, आत सेल, खाली बटण, वर वेटोळं. सुरुवातीच्या हौशी लोकांनी टॉर्चच्या नळ्यांपासून असंच केलं. त्यात ‘नाही’ म्हणणारं कुणीच नसतं. नवखा माणूस सोपं म्हणून हाच प्रकार निवडतो, आणि अनुभवी माणसानंसुद्धा भीतभीत हात लावावा असा हा प्रकार आहे.

बिघडलं तर काय होतं? सेलच्या आत धन आणि ऋण बाजूच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो. तो केसापेक्षाही पातळ असतो. सुमारे १३० अंशांच्या पुढे तो वितळू लागतो. पडदा गेला की आतच शॉर्ट होतो, उष्णता वाढते, वाढलेली उष्णता आणखी उष्णता निर्माण करते. आतला द्रव ज्वलनशील. ३००० मिलिअँपिअर-अवरच्या सेलमधली वीज एक लहान कपभर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ऐकायला किरकोळ वाटतं. तीच उष्णता काही सेकंदांत, बंद नळीत, ओठांपासून चार बोटांवर बाहेर पडते असं समजा. म्हणून नळीला वायू बाहेर पडायला भोकं हवीतच, आणि ती तोंडाच्या दिशेला नकोत.

अमेरिकेतल्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या, बातम्यांतून समोर आलेल्या १९५ घटना तपासल्या. १३३ माणसं जखमी, त्यातली ३८ गंभीर. यातल्या ६० घटना यंत्र वापरताना घडल्या, ४८ चार्जिंग करताना, आणि ६१ घटना खिशात. हो, खिशात. या सेलचं सगळं धातूचं अंग ऋण टोक असतं. त्याच्यावर असतं ते फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टण. ते फाटलेलं असेल, किंवा सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकला, तर सर्किट तिथेच पूर्ण होतं. त्या काळात मृत्यूची नोंद नव्हती. नंतर २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये तरुण माणसं यंत्र फुटून गेली. टेक्सासमधला तरुण चोवीस वर्षांचा होता. माझ्या वर्गात बसणारी मुलं याच वयाची असायची.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचं लक्षण सांगताना चार गोष्टी मोजल्या आहेत. पुढचा परिणाम, होणारं नुकसान, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपलं स्वतःचं सामर्थ्य. यांचा विचार न करता मोहानं जे सुरू केलं जातं, ते तामस. लोक ‘तामस’ म्हणजे दारू-मटण समजतात. तिथे मुद्दा अविचारानं आरंभ करण्याचा आहे. चौथी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मला ०.१ ओहम मोजता येतो का, सोल्डरिंग नीट जमतं का, हा माझ्या सामर्थ्याचा प्रश्न आहे आणि तो आराखड्यात लिहिलेला असला पाहिजे.

आणि इथे मी ॲरिस्टॉटलच्याही एक पाऊल पुढे जातो. तो म्हणतो, विचारविनिमय साधनांचा होतो, साध्याचा नाही. वैद्य रोग्याला बरं करावं का यावर खल करत नाही. ठीक. पण वाफ हे तुमचं अंतिम साध्य आहे का? सिगारेट सोडायची असेल, तर निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं आणि सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. आणि या यंत्रातून जे छातीत जातं, त्याचं काय? तार फार तापली, वात कोरडी पडली, की द्रवातल्या ग्लिसरिनपासून ॲक्रोलिनसारखी जहाल द्रव्यं तयार होतात. अमेरिकेत २०१९ च्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले. त्याचा मुख्य संबंध निघाला गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी, आणि असा बराच माल अनौपचारिक मार्गानं आलेला होता. फुप्फुसात काय चाललंय हे कुठला मल्टीमीटर दाखवणार?

पण मला वाटतं, चिठ्ठी लिहिणाऱ्यांना वाफेपेक्षा ‘आपण बनवलं’ याचाच आनंद हवा आहे. तो रास्त आहे. मग, मुलांनो, टॉर्च बनवा. सेल तोच, गणित तेच. पांढरा १ वॅटचा एलईडी घ्या, त्याला साधारण ३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर लागतात. ४.२ मधून ३ वजा केले, १.२ उरले, त्याला ०.३ नं भागलं, ४ ओहम. म्हणजे ४ ओहमचा रेझिस्टर. त्यात ०.३६ वॅट उष्णता होईल, म्हणून तो १ वॅटचा घ्या, पाव वॅटचा जळेल. एलईडी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, तोही तापतो. सेल नवा आणि ओळखीच्या दुकानातला घ्या, भंगारातल्या लॅपटॉपचा नको. त्याच्यावर सोल्डर करू नका, होल्डर वापरा. चार्जिंगसाठी टीपी ४०५६ नावाचा छोटा बोर्ड मिळतो, त्यातला संरक्षक सर्किट असलेलाच मागा. तो ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवतो आणि सेल फार उतरला तर वीज तोडतो. वायरमध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाका. पहिलं चार्जिंग गादीवर किंवा उशीशेजारी नको, फरशीवर करा, आणि ते संपेपर्यंत कुणीतरी जागं असू द्या.

पुढच्या वेळी येताना ती टॉर्च घेऊन या. आणि त्याआधी केलेला कागदावरचा आराखडाही आणा, खाडाखोडीसकट.