मुळांना वळण लावताना

मेघालयातल्या जिवंत पुलाचा फोटो पाहून एका वाचकाने विचारलं आहे, ‘आपल्या वडाच्या पारंब्यांचा असा पूल करता येईल का?’ प्रश्न रास्त आहे. तो पूल ज्या रबराच्या झाडाचा असतो, ते वडाचं भावंडच, दोघंही फायकस.

चेरापुंजीच्या परिसरात वर्षाला 11,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बांबूचे साकव तिथे लवकर कुजतात. म्हणून खासी लोक ओढ्याकाठी रबराचं झाड लावतात आणि त्याची कोवळी, लवचीक हवाई मुळं बांबूच्या सांगाड्यावरून किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडातून पलीकडे नेतात. मुलाला काय, मुळाला काय, वळण लहानपणीच लावावं लागतं.

खरी कमाल पुढेच आहे. एकमेकांत गुंफलेली दोन मुळं जाड होत जातात, तशी एकमेकांवर दाबली जातात. मधली साल झिजते, आतले वाढीचे थर भिडतात आणि दोन मुळांचं एकच लाकूड होतं. काही वर्षांनी गाठ कुठे होती, हेही सांगता येत नाही. हापूसचं भेटकलम बांधणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको!

हेन्री यूल या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने 1844 मध्येच या पुलांबद्दल लिहून ठेवलं होतं. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाच्या दोन कर्त्यांपैकी एक तो हाच. 2019 मध्ये म्युनिकचे वास्तुरचनाकार फर्डिनांड लुडविग आणि सहकाऱ्यांनी 74 पुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी 2012 मध्ये लुडविग यांनी जर्मनीत नागोल्डला प्लेन नावाची झाडं पोलादी सांगाड्यावर एकावर एक रचून जिवंत भिंतींची वास्तू उभारली होती. झाडं एकजीव होऊन भार पेलू लागली की सांगाडा काढायचा, अशी ती कल्पना. काम सुंदरच आहे. पण ‘भविष्यातली जिवंत घरं’ अशा मथळ्यांखाली खासींचा उल्लेख ‘प्रेरणा’ म्हणून एका ओळीत उरकला जातो, ते मला खटकतं. कुठलं मूळ कधी वळवायचं, कशाला बांधायचं, हे जाणणं म्हणजे इंजिनिअरिंगच की!

आता वडाचं. पारंब्याही एकजीव होतात, त्यामुळे तत्त्वतः पूल होईल. मात्र आपल्याकडे पावसाळा सरला की कोवळी पारंबी पलीकडच्या मातीत रुजेपर्यंत ओली ठेवावी लागेल. आणि घाई चालणार नाही: मेघालयातसुद्धा पूल पायाखाली घेण्याजोगा व्हायला साधारण 15 ते 30 वर्षं लागतात. त्यानंतरही गावकरी फटींत दगडमाती भरतात आणि नवी फुटलेली मुळं कठड्यात गुंफत राहतात.